सोंगांची कुळकथा

गाभारा, सभामंडप आणि कळस मिळून देऊळ होते खरे. परंतु देवळापुढील अंगण वगळले तर गावच्या देवस्थानाची हकिगत निम्मीच राहते. गाभाऱ्यातील देव स्थिर असतो. अंगणात मात्र देवही नाचतात, दैत्यही नाचतात, आणि त्यांच्यामध्ये ज्यांना ना देव म्हणता येत ना दैत्य, अशी कितीतरी माणसे ये-जा करीत असतात. कोकणपट्टीत शिमगा आला की काळ्या वेषातील संकासुर मुलांच्या अंगावर धावून जातो. गौळण सुरू झाली की पेंद्या लंगडत येतो आणि मावशी कंबरेवर हात ठेवून कृष्णाला आडवी जाते. लग्नकार्यानंतर गोंधळी संबळाच्या तालावर देवीला पाचारण करतो. पहाटेच्या अंधारात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दाराशी उभा राहतो. या सर्वांना लहानथोर ओळखतात. पण ही मंडळी मुळात आली कोठून असे विचारले, तर वडीलधाऱ्यांकडून बहुधा एकच उत्तर मिळते, की "पुराणातून." हे उत्तर थोडे खरे आहे आणि पुष्कळसे अपुरे आहे. पोथीतून अंगणात उतरलेली पात्रे आहेत, नाही असे नाही. पण अंगणातून वर चढत पोथीत जाऊन बसलेल्यांची संख्या त्याहून मोठी दिसते.

लोक आपल्या मनाने एखादे पात्र कसे उभे करतात याचे उदाहरण वसई तालुक्यातच आहे. सोपाऱ्याजवळ विटामातीची एक मोठी टेकडी होती. गावकरी तिला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणून पाहिली, तेव्हा आत कोट नव्हता. तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी करंडा, त्यात तांब्याचा करंडा आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती होत्या. भिक्षू गेले, स्तूप ढासळला, त्याचे नावही विसरले गेले. परंतु एवढी मोठी टेकडी निर्नाव ठेवणे गावाला मानवले नाही. म्हणून तिला एक राजा मिळाला, आणि तोही टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरूड जातीचा! दरबारी बखरकाराने असा राजा कधी कल्पिला नसता. गावाने कल्पिला. अंगणातील सोंगांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वसई-विरार भागात तर अशा पात्रांचा मेळाच भरलेला आहे. किनाऱ्याला अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत कोळीवाडे आहेत. मधल्या बागायती पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी आणि ख्रिस्ती समाजाची वस्ती आहे. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे वारली, मल्हार कोळी व कातकरी यांचे पाडे आहेत. शिवाय गेल्या काही दशकांत रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील कुटुंबे मोठ्या संख्येने नालासोपारा-विरारला येऊन स्थायिक झाली, ती आपले नमन, जाखडी आणि दशावतार बरोबर घेऊनच आली. त्यामुळे पूर्वी ज्यांची एकमेकांशी भेट होण्याचे कारण नव्हते, अशी सोंगे आता एकाच रेल्वे स्टेशनावर उतरतात.

यांपैकी संकासुर हा निःसंशय पोथीतून आलेला आहे. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात शंख नावाच्या दैत्याची कथा आहे. तो सागराचा पुत्र. त्याने वेद हरण केले व विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याचा वध केला. भागवतात मात्र वेद चोरणाऱ्या दैत्याचे नाव हयग्रीव असे आहे, आणि शंखाशी संबंध असलेला दैत्य म्हणजे पंचजन. त्याला कृष्णाने मारले व त्याच्यापासून पांचजन्य शंख मिळाला. नावांची अशी सरमिसळ पुराणांमध्येच झालेली असताना कोकणातील खेळ्यांनी 'शंखासुरा'चा 'संकासुर' केला, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. पुराणातला शंख येतो, वेद चोरतो आणि मरतो. त्याला बोलायला फारसे काही नाही. दशावतारातला संकासुर मात्र पूर्वरंगातील सर्वांत बोलका गडी! अंगभर काळा वेष, तोंडावर काळा बुरखा, त्यावर पांढरे डोळे आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ, असे त्याचे ध्यान असते. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव ही मंडळी ठरीव चालीने येऊन जातात. संकासुर येतो तो थेट मालवणीत बोलू लागतो. भटजीची थट्टा करतो, गावातील कंजूष सावकाराचे नाव न घेता सर्वांना तो कोण हे कळेल असे बोलतो, आणि लोक पोट धरून हसतात. शेवटी विष्णू त्याला मारतो, कारण कथेत तसे आहे. पण तोवर त्याने गावाच्या मनातले बरेच बोलून घेतलेले असते.

रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांत त्याचे रूप बदलते. तेथे काळा पेहराव असतोच, डोक्यावर उंच टोपी येते, कंबरेला घुंगरू येतात आणि त्याच्या नाचाला विशेष महत्त्व मिळते. मुले त्याला भिऊन पळतात; मोठी माणसे मात्र त्याच्या पाया पडतात व काही ठिकाणी त्याला नवसही बोलतात. वेद चोरणाऱ्या दैत्यापुढे गावाने हात जोडावेत हे शास्त्राला धरून नसेल, पण शिमग्याच्या रिवाजाला ते धरून आहे. वर्षभराची इडापिडा आपल्या अंगावर घेऊन नाचणारा, असे त्याचे रूप लोकांनी केले, आणि अशा पात्राला दैत्य म्हणून हिणवणे कोणालाच पटेना.

दशावतार कोकणात केव्हा आला याविषयी एक हकिगत वारंवार सांगितली जाते. इ. स. १७२८ च्या सुमारास शामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून आणला, अशी ती हकिगत. काळे यांनी एखादी मंडळी उभी केली असेल, खेळाला वळण लावले असेल. ते नाकारण्याचे कारण नाही. पण खेळाचा जन्म तेव्हाचा म्हणता येत नाही. समर्थ रामदासांचा काळ इ. स. १६०८ ते १६८१. त्यांच्या दासबोधाच्या सहाव्या दशकात दशावतारी खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. खेळात डोळे मोडीत येणाऱ्या देखण्या बायका म्हणजे प्रत्यक्षात दांडगे पुरुष असतात, असा दृष्टांत समर्थांनी दृश्य जगाचे खोटेपण दाखविण्यासाठी दिला आहे. दृष्टांत नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीचा द्यावा लागतो. तेव्हा १७२८ च्या किमान दोन पिढ्या आधी महाराष्ट्रातील श्रोत्याला दशावतार चांगला माहीत होता आणि स्त्रीवेष घेणारा पुरुषही माहीत होता, हे उघड आहे. नमनातील गोमू आणि तमाशातील मावशी यांचे वाडवडील कोण, हेही त्यावरून कळते.

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जव्हार-मोखाडा बाजूस, याच जातीचा आणखी एक खेळ आहे. तो म्हणजे बोहाडा. शिमग्यानंतर पेरणीपूर्वीच्या दिवसांत रात्ररात्र मशालींच्या व आता विजेच्या उजेडात मुखवटे घातलेली सोंगे निघतात. पुढे संबळ आणि सनई. आरंभी गणपती, मग सरस्वती, नंतर रामायण-महाभारतातील वीर व राक्षस, आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध. पुष्कळ ठिकाणी ठराविक सोंग ठराविक घराण्याकडे चालत आलेले असते. बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, आणि त्या घरात मुखवट्याची पूजा होते.

गणपतीपाठोपाठ सरस्वती, हा क्रम दशावतारातही आहे. इ. स. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' हा खेळ केला, त्या परंपरेच्या नाटकांतही सूत्रधारानंतर वनचराच्या वेषातील विदूषक येई, गणपती येई आणि सरस्वती येई. मराठी नाटकाचा आरंभ तेथून धरतात, ते योग्यच आहे. परंतु भावे यांच्यापुढे कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ होता, आणि तशी नांदी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गावोगाव होत होती. सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिली म्हणून तिची तारीख लागली; पाड्यावरच्या खेळाची तारीख कोणी टिपली नाही, एवढाच काय तो फरक.

बोहाड्यातील एका सोंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती त्राटिका. वाल्मीकींच्या बालकांडात तिचे नाव ताटका आहे. ती सुकेतू यक्षाची रूपवान कन्या, हजार हत्तींचे बळ असलेली. तिचा पती सुंद मारला गेला, ती अगस्त्यांवर धावून गेली आणि त्यांच्या शापाने विद्रूप राक्षसी झाली. विश्वामित्रांच्या आज्ञेवरून रामाने तिला मारले. रामायणात तिचा भाग लहानच आहे. बोहाड्यात मात्र त्राटिकेचे सोंग निघाले की पेंगुळलेली मुले जागी होतात! मोठा मुखवटा, विस्कटलेले केस आणि अंगावर येणारा नाच यांमुळे हे सोंग पेलणाऱ्यास चांगला दम लागतो. मराठीत तोंडाळ बाईला 'त्राटिका' म्हणण्याची रीत पडली, तिला पोथीइतकाच हा नाचही कारण असावा. तरीही पतीच्या मरणाने पिसाळलेली स्त्री ही तिची मूळ हकिगत पोथीत आहे, आणि ती वाचली की मुखवट्याकडे पाहण्याची नजर बदलते.

आता पोथीत ज्यांचा पत्ताच लागत नाही अशांकडे वळावे. गौळणीतील पेंद्या हा त्यांचा मुख्य. भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या सवंगड्यांची नावे आहेत. श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण, अंशू, अर्जुन, विशाल, वृषभ, देवप्रस्थ. सगळी सुलक्षणी, संस्कृत नावे. त्यांत पेंद्या नाही. पेंद्या मराठी आहे. तो पायाने अधू, बोलताना बोबडा, गाई वळायला निघाला तरी मागे राहणारा आणि शिदोरीला मात्र सर्वांच्या आधी बसणारा. संतांच्या गौळणींत आणि काल्याच्या अभंगांत तो व त्याच्यासारखे वाकडे-बोबडे गडी दिसतात. पुढे श्रीधरस्वामींनी शके १६२४ मध्ये, म्हणजे इ. स. १७०२ मध्ये, 'हरिविजय' पूर्ण केला, त्यात पेंद्याला हक्काची जागा मिळाली, आणि चातुर्मासात ज्या ज्या घरी हरिविजय वाचला गेला तेथे तेथे तो पोचला. श्रीधरांनी त्याला जन्म दिला असे म्हणता येत नाही. तो आधीच गुरे राखत होता. काल्यामध्ये सर्वांची शिदोरी एकत्र कालवायची आणि देवासकट सर्वांनी एकमेकांच्या हातचे खायचे, हा त्या खेळाचा गाभा आहे. जेथे कोणी उष्टे-खरकटे पाहत नाही, तेथे एक लंगडा गडी नसेल तर त्या जेवणाला अर्थ काय? म्हणूनच पेंद्या मराठी माणसाने घडविला असावा.

राधेची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. जिच्यावाचून कृष्णाचे नाव घेणे आज अवघड वाटते, त्या राधेचे नाव भागवतात नाही. तेथे एका विशेष आवडत्या गोपीचा उल्लेख येतो, पण तिला नाव दिलेले नाही. बाराव्या शतकात जयदेवांच्या 'गीतगोविंदा'ने राधेला देशभर नेले. पण त्याच्याही कितीतरी आधी तिचे नाव एका महाराष्ट्री प्राकृत गाथेत आले आहे. हा संग्रह म्हणजे हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती'. गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ राधिकेच्या मुखावर बसली आहे, कृष्ण ती फुंकर घालून उडवितो आणि त्या एका फुंकरीने इतर गोपींचा तोरा उतरतो, असा त्या गाथेचा आशय आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली या ग्रंथाची मराठी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हापासून मराठी वाचकाला ही गाथा सहज पाहता येते. हा ग्रंथ दरबारी महाकाव्य नव्हे. त्यात शेतकरी आहेत, पांथस्थ आहेत, नांगर आहे, पाणवठा आहे, गावच्या पाटलाची सून आहे. राधा प्रथम भेटते ती अशा गावच्या मंडळीत, अंगावर धूळ घेऊन.

येथे सोपाऱ्याचा संबंध येतो. सातवाहनांच्या काळी सोपारा, म्हणजे शूर्पारक, हे मोठे बंदर होते. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात शोर्पारग येथे दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. घाटावरचा माल ज्या नाणेघाटाने उतरून कोकणात येई, त्या घाटातील सातवाहन राणीच्या लेखाच्या आरंभीच संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन केलेले आहे. तेव्हा कृष्ण-बलरामांची नावे या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी प्रचलित होती आणि ती घेणारे लोक याच वाटांवरून येत-जात होते. सोपाऱ्याच्या बाजारात त्या काळी कोणी गौळण गायिली की नाही, हे शिलालेखांनी सांगावे अशी अपेक्षा करू नये. परंतु राधा बाहेरून महाराष्ट्रात आली हा समज सोडून द्यायला एवढा पुरावा पुरे.

गौळणीतील मावशीला तर पुराण नाही, प्राकृत गाथाही नाही. ती सासुरवाशिणींच्या पाठीशी उभी राहणारी, बाजाराला निघालेल्या पोरींवर नजर ठेवणारी, कृष्णाला दम भरणारी आणि अखेर स्वतःच त्याच्या बोलण्याला भुलणारी अशी प्रौढ बाई. ती कोणत्याही आळीत भेटते. तिच्यासाठी पोथ्या धुंडाळण्याचे प्रयोजन नाही.

गोंधळाच्या बाबतीत मात्र जुना लेखी पुरावा आहे आणि तो फार बोलका आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात गोंडली नृत्याची माहिती येते. पुढे तेराव्या शतकात जायसेनापतीने 'नृत्तरत्नावली' लिहिली. त्याने या नृत्याची जन्मकथाच दिली आहे. कल्याण नगरीत भूतमातेचा उत्सव चालला होता. (हे कल्याण म्हणजे कर्नाटकातील चालुक्यांची राजधानी, ठाण्याजवळचे नव्हे.) त्या उत्सवात एक स्त्री भिल्लिणीचा वेष घेऊन नाचत होती, गात होती. राजा सोमेश्वराने ती पाहिली, त्याला ते नृत्य आवडले आणि त्याने त्याला शास्त्राचे रूप दिले. महाराष्ट्रात भिल्लिणीला 'गोंडिनी' म्हणतात, म्हणून नृत्याचे नाव गोंडली पडले, असे जायसेनापती सांगतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी गोंधळाची परंपरा शोधताना या उल्लेखांना महत्त्व दिले आहे.

या हकिगतीत तीन गोष्टी एकदम दिसतात. मातेचा उत्सव आहे, सोंग आहे, आणि ते सोंग वनात राहणाऱ्या स्त्रीचे आहे. राजाने ते पाहून शास्त्र रचले. नाचणारीला ते कोणी शिकविले नव्हते. आज लग्नानंतर घरोघर गोंधळ घालतात, अंबाबाई, भवानी, रेणुका यांना आवाहन करतात, दिवट्या पाजळतात. वसई परिसराला लागून असलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाची उभारणी चिमाजी आप्पांच्या वसई विजयाशी, इ. स. १७३९ शी, निगडित आहे, आणि देवी म्हटले की संबळ आलाच. त्या संबळाच्या मागे आठ-नऊशे वर्षांपूर्वीची ती अनाम भिल्लीण उभी आहे. भावे यांच्या नाटकातील वनचर विदूषकाचे नातेही असल्याच कुळाशी जुळत असेल काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पोतराज याची कथा दक्षिणेकडे जाते. आंध्र-तेलंगणात ग्रामदेवतांचा भाऊ व राखणदार म्हणून पोतराजू मानतात. तोच मरीआईच्या सेवेत महाराष्ट्रात आला. अंगावर स्वतःच आसूड ओढून घेणारा हा उपासक मुख्यतः मातंग समाजातला असे. येथे थोडे थांबणे प्राप्त आहे. कारण पोतराज, तमाशातील सोंगाड्या, जत्रेतील हलगीवाला, सनईवाला अशा कितीतरी जणांनी शतकानुशतके देवापुढे सेवा केली ती उंबरठ्याच्या बाहेर राहून. चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे, आत नाही. पंढरीचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्यांच्या नाचाने जत्रा भरत होती त्यांना गाभारा दिसत नव्हता. अंगणातील सोंगांची कुळकथा लिहायची आणि ही गोष्ट गाळायची, हे देवापुढे खोटे बोलण्यासारखे होईल.

संत एकनाथांनी (इ. स. १५३३ ते १५९९) या मंडळींसाठी केलेले काम म्हणूनच लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांच्या भारुडांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, भुत्या आहे, जोगवा मागणारी आहे; आणि 'जोहार' घालणारा महारही आहे. पैठणच्या विद्वान ब्राह्मणाने 'मी महार' या भूमिकेत उभे राहून परमार्थ सांगितला. दारोदार हिंडणाऱ्या पात्रांना त्यांनी वेदान्त बोलायला लावला असे नेहमी म्हटले जाते. उलटेही म्हणता येईल. वेदान्ताला गावात शिरायचे होते, तेव्हा या पात्रांनी त्याला वाट दाखविली.

वासुदेवाची परंपरा एकनाथांच्याही आधीची आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या नावावर वासुदेवाची रूपके आहेत, म्हणजे तेराव्या शतकात तो दारोदार फिरत होता असे मानण्यास हरकत नाही. नाणेघाटातील वासुदेवापासून या वासुदेवापर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोह होतो. पण नाव एक असले म्हणजे कुळ एक असतेच असे नाही, आणि मधल्या तेराशे वर्षांचा दुवा हाती नाही. त्याच्या एका रिवाजाची आठवण या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष रुचेल. मूठभर धान्य किंवा पैसा मिळाला की वासुदेव तो मुकाट्याने झोळीत टाकीत नसे. गिरकी घेऊन तो पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला, आणि त्या त्या गावच्या दैवतालाही ते दान पोचल्याचे गाऊन सांगे. दात्याच्या पूर्वजांची नावे विचारून तीही घेई. देणगीची पावती देण्याची याहून सुंदर पद्धत कोणत्याही जीर्णोद्धार समितीला सुचलेली नाही!

आता अगदी घरची पात्रे. कोळीगीतांत नाखवा पदोपदी येतो. होडीचा धनी, खलाश्यांचा म्होरक्या आणि गाण्यातील नायक असा तो आहे. हे नाव फारसी 'नाखुदा' या शब्दावरून आले. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. अरब प्रवाशांनी दहाव्या शतकात सोपारा बंदराचा उल्लेख 'सुबारा' असा केला आहे. त्या जहाजांवरचा नाखुदा किनाऱ्यावर उतरला आणि कोळ्यांच्या गाण्यात 'नाखवा' होऊन राहिला. नारळी पौर्णिमेला नाचणाऱ्या मुलीला त्याचे परकेपण जाणवतही नाही, आणि जाणवण्याचे कारणही नाही.

इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली व १७३९ पर्यंत त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे ठाणे येथेच होते. दोनशे वर्षांत पुष्कळ उलथापालथ झाली. देवळे गेली, कित्येक कुटुंबांचा धर्म बदलला. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून लग्नातील देशी गाणी, ओव्या आणि वाद्ये यांवर बंदी घातली. गाणे हे किती खोल रुजलेले असते याची त्या अधिकाऱ्यांना पुरेपूर कल्पना होती असे म्हटले पाहिजे. वसईत सामवेदी बोली हिंदू सामवेदी आणि सामवेदी ख्रिस्ती या दोन्ही समाजांत टिकली, आणि तिच्याबरोबर लग्नाची गाणीही टिकली. ज्या घरात क्रूस आहे त्या घरातही नवरीची हळद, मांडव, पाणी आणणे यांची गाणी बायका आपल्या बोलीत गातात. फादर फ्रान्सिस कोरिया यांनी सामवेदी ख्रिस्ती समाजावर ग्रंथ लिहून ही परंपरा नोंदविली आहे. गाण्यातील नवरा-नवरीने धर्म बदलताना बोली बदलली नाही.

डोंगराकडच्या वारली पाड्यांवरील एक पात्र सोंग घेत नाही. ते स्वतः गाणे म्हणते. ती धवलेरी. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी काढतात, आणि धवलेरी चौकापुढे बसून गाणी म्हणत लग्न लावते. भटजीचे काम ही बाई करते. या समाजाच्या गाण्यांत पावसाचा नारनदेव येतो, त्याच्या नावात नारायण दिसतो. धान्याची कणसरी येते, तिच्या नावात कणीस दिसते. एक नाव पोथीकडून आलेले, दुसरे शेतातून उगवलेले, आणि दोन्ही एकाच गाण्यात नांदतात. धवलेरीच्या नावातील 'धवळे' हा शब्दही फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहखेळाच्या वेळी महानुभाव पंथाच्या महदाईसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली, ती 'धवळे' म्हणूनच प्रसिद्ध आहेत, आणि मराठीतील आद्य कवयित्री असा तिचा मान आहे. धवळे म्हणजे लग्नात म्हणावयाचे गाणे. महदाईसेला तो शब्द लोकांतूनच मिळाला होता.

महदाईसेचे धवळे लिहून ठेवले गेले, म्हणून सातशे वर्षे टिकले. धवलेरीची गाणी तिच्या तोंडी आहेत. एका धवलेरीकडून ती दुसरीला ऐकूनच मिळतात. पाठ व्हायला कित्येक लग्ने जावी लागतात, आणि ऐकायला बसणाऱ्या तरुण मुली आता कमी झाल्या आहेत. वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात अजून काही पाड्यांवर लग्नसराईत रात्री ती गाणी ऐकू येतात.